ड्युटी-फ्रीची बाटली आणि आपली सदसद्विवेकबुद्धी



आपल्या धर्मग्रामात असे घर विरळाच, ज्यातले कुणी ना कुणी परमुलखात नाही. कुणी आखातात नोकरीला, कुणी बोटीवर, कुणाची मुलगी परदेशातल्या इस्पितळात परिचारिका. नाताळ किंवा मे महिना जवळ आला की ही माणसे घरी येतात. गाडी दारात थांबते, बॅगा उतरतात, आणि बॅगांसोबत जाड पारदर्शक पिशवीत बंद केलेल्या दोन बाटल्याही उतरतात. घरात लग्न असेल तर त्यांची मागणी आधीच फोनवरून गेलेली असते.

या बाटल्यांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, “सरकारनेच परवानगी दिली आहे, मग त्यात पाप कसले?” दुसरे म्हणते, “दारू ती दारू, ती आणणेच वाईट.” दोन्ही मते थोडी घाईची आहेत. पहिल्या मतात परवानगी म्हणजे काय हे नीट पाहिलेले नाही आणि दुसऱ्यात पाप म्हणजे काय हे. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा आपण जरा शांतपणे विचार करू.

‘ड्युटी-फ्री’ म्हणजे नेमके काय?

विमानतळावरील करमुक्त दुकानाची कल्पना आयर्लंडमधली. १९४७ साली तेथील शॅनन विमानतळावर असे पहिले दुकान सुरू झाले. त्या काळी अटलांटिक महासागर ओलांडणारी विमाने इंधन भरण्यासाठी शॅननला थांबत आणि प्रवाशांच्या हाती थोडा मोकळा वेळ असे. त्यामागचा विचार सरळ होता. पासपोर्टवर शिक्का मारून पुढे गेलेला प्रवासी देशाबाहेर पडल्यासारखाच आहे. त्याने घेतलेली वस्तू या देशात वापरली जाणार नाही, मग तिच्यावर या देशाने कर का घ्यावा? पुढे ही पद्धत जगभर पसरली. आपल्या लोकांच्या ओळखीचे दुबई विमानतळावरील दुकान १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाले.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दुबईच्या दुकानात जो कर माफ होतो, तो तिथला. बाटली आपल्या देशात आली की आपल्या देशाचा त्यावर वेगळा हक्क सुरू होतो. दुकानावर ‘ड्युटी-फ्री’ अशी पाटी होती म्हणून आता कुणाचेच देणे उरले नाही, असा अर्थ होत नाही. भारत सरकारने आपल्या बाजूने दिलेली सवलत माणशी दोन लिटरची आहे. मुंबईला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच्या दुकानातून घेतलेली बाटलीही याच दोन लिटरांत मोजली जाते. साडेसातशे मिलिलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर, हा हिशेबही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

शिवाय ही सवलत प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या वैयक्तिक सामानासाठी आहे. स्वतःसाठी किंवा भेट देण्यासाठी आणलेली बाटली त्यात बसते. विकण्यासाठी आणलेली बसत नाही. “तिकिटाचे थोडे पैसे सुटतील” म्हणून आणलेली बाटली दोन लिटरांच्या आत असली तरी तो व्यापार झाला, आणि परवान्याशिवाय दारू विकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देऊ. जो प्रवासी आपल्या वाट्याच्या दोन लिटर बाटल्या उघडपणे, पावतीसह आणतो, तो कुणाचे काही चोरत नाही. सवलत देणाऱ्यानेच दिलेली आहे आणि दिलेले घेणे हे पाप नव्हे. अशा माणसाकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हिरव्या वाटेने चालताना

अडचण तिसऱ्या बाटलीपासून सुरू होते. विमानतळावर बाहेर पडताना दोन वाटा असतात, लाल आणि हिरवी. ज्याच्याकडे कर भरण्याजोगे काही आहे त्याने लाल वाटेने जाऊन तसे सांगायचे असते. हिरव्या वाटेने जाणे म्हणजे “माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही” असे जाहीर करणे. सामानाच्या मालकाने आपल्या सामानाची माहिती द्यावी, असे १९६२ चा सीमाशुल्क कायदा सांगतो. म्हणजे बॅगेत जास्तीच्या बाटल्या घेऊन हिरव्या वाटेने जाणारा माणूस तोंडाने एक शब्दही बोलत नाही, पण त्याची पावले खोटी साक्ष देतात. आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली ती फक्त जिभेसाठी नव्हती.

दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. “तुम्ही घेत नाही ना काका, मग तुमच्या नावावर माझ्या दोन घ्या.” विमानात शेजारी बसलेल्या वयस्कर माणसाला नाही म्हणणे जड जाते. पण सवलत त्या काकांना त्यांच्या सामानासाठी मिळालेली आहे, आपल्याला वाटून द्यायला नव्हे. नवरा-बायको दोघे प्रवास करत असतील आणि दोघांनी आपापल्या वाट्याचे आणले, तर प्रश्नच नाही. परंतु ओळखदेख नसलेल्या माणसाच्या हातात आपली पिशवी देणे म्हणजे आपल्या सोयीसाठी त्याला खोटे बोलायला लावणे होय. आणि उलट बाजूने, कुणी अनोळखी माणूस बाटलीची म्हणून पिशवी देत असेल तर ती कधीच घेऊ नये. पिशवीत काय निघाले याचा जाब ज्याच्या हातात ती सापडते त्यालाच द्यावा लागतो. आपल्या मुलामुलींना परदेशी पाठवताना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

हीच गोष्ट विमानाने न येणाऱ्यांनाही लागू आहे. गोव्याला फेस्ताला किंवा फिरायला गेलेली मंडळी तेथील स्वस्त दारू गाडीच्या डिकीत घालून आणतात. गोवा आपल्याच देशात असला तरी दारूवरील कर हा राज्याचा विषय आहे; २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवण्यात आली. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. “नाक्यावर कुणी पाहत नाही” हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

फक्त दंड, की पापही?

येथे एक जुना आणि खरोखर विचार करण्यासारखा प्रश्न उभा राहतो. कायदा मोडणे म्हणजे प्रत्येक वेळी पाप करणे का?

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात यावर शतकानुशतके चर्चा झालेली आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा जेज्विट धर्मपंडित फ्रान्सिस्को सुआरेझ याच्यासारख्या विद्वानांनी असे मांडले की काही कायदे ‘केवळ दंडाचे’ असू शकतात. अशा कायद्याचे म्हणणे एवढेच की नियम पाळा, नाहीतर सापडल्यास दंड भरा. दंड भरण्याची तयारी असली की सदसद्विवेकबुद्धी मोकळी. जकात आणि सीमाशुल्काचे कायदे याच प्रकारात मोडतात, असे पुष्कळांना वाटत असे. त्या काळच्या परिस्थितीत हे अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. राजे लोक मनाला येईल तसे कर बसवत, तो पैसा लढाया आणि चैनीवर जाई, आणि गरिबाला विचारणारे कोणी नसे.

आजही आपल्यापैकी अनेकजण नाव न घेता हाच युक्तिवाद करतात. “सापडलो तर भरू.” आणि त्याला जोडून म्हणतात, “पुढारी कोटींनी खातात, माझ्या एका बाटलीने देश बुडणार आहे का?” या बोलण्यात राग आहे आणि तो राग काही अंशी खरा आहे. सरकार एका हाताने दारूबंदीचा कायदा ठेवते आणि दुसऱ्या हाताने दारूच्या करावर तिजोरी भरते, हा दुटप्पीपणाही आपण पाहतो.

पण थोडे पुढे जाऊन पाहू. आपण राजाच्या राज्यात राहत नाही. कर ठरवणारे आपणच निवडून दिलेले असतात. त्यांनी पैसा वाईट वापरला तर जाब विचारण्याचे मार्ग आहेत. सामान लपवणे हा त्यातला मार्ग नव्हे. लपवून आणलेल्या बाटलीने कुठल्याही भ्रष्ट पुढाऱ्याचे नुकसान होत नाही. सरकारी दवाखान्यात रांगेत बसणाऱ्या माणसाच्या वाट्याचे मात्र तेवढे कमी होते, मग ते कितीही थोडे असो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात याचा थेट उल्लेख केला आहे. मोठे उदार विचार बोलणारे लोकही न्याय्य कर चुकवण्यासाठी फसवणूक करायला लाजत नाहीत, अशी खंत परिषदेने व्यक्त केली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. संत पौलानेही रोमच्या ख्रिस्ती लोकांना ज्याचा कर त्याला आणि ज्याची जकात त्याला द्यायला सांगितले, आणि तेही कुणाच्या राज्यात? रोमी सम्राटाच्या!

याचा अर्थ तिसरी बाटली आणणारा महापापी ठरला असा नाही. लहान अपराध आणि मोठा अपराध यांत ख्रिस्तसभा नेहमीच फरक करत आली आहे, आणि आपणही करावा. पण लहान खोटेपणाचा धोका त्याच्या किमतीत नसतो. तो आपल्याला सवय लावतो. जे मूल वडिलांच्या शेजारून हिरव्या वाटेने चालते आणि बाहेर आल्यावर वडिलांना हसताना पाहते, ते त्या दिवशी एक धडा शिकते. तो धडा पुढे शाळेतल्या परीक्षेत, दुकानाच्या वजनात आणि जमिनीच्या कागदपत्रांत उपयोगी पडतो.

जकातनाक्यावरचा संत

आपल्या बारा प्रेषितांपैकी एकजण याच खात्यातला होता, हे कधी लक्षात आले आहे का? कफर्णहूम हे गालील सरोवराच्या काठावरचे, हद्दीजवळचे गाव. तेथील नाक्यावर मत्तय बसलेला होता आणि प्रभूने त्याला तेथूनच बोलावले. २१ सप्टेंबरला आपण त्याचा सण साजरा करतो. प्रभूने त्याला बोलावले ते तो कर घेत होता म्हणून धिक्कारून नव्हे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडेही जकातदार आले होते. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगितले. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत केले.

या गोष्टी नाक्याच्या त्या बाजूच्या माणसाला जशा लागू आहेत, तशा या बाजूच्यालाही. घेणाऱ्याने जास्त घेऊ नये आणि देणाऱ्याने कमी देऊ नये. “थोडे चहापाण्याचे घ्या आणि जाऊ द्या” असे म्हणून आपण स्वतःचे पैसे वाचवतो, पण समोरच्या माणसाच्या आत्म्याची किंमत लावतो. विमानतळावर, बंदरात, सरकारी कचेरीत काम करणारी माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांना प्रामाणिक राहणे आपण सोपे करायचे की कठीण, हे आपल्या हातात आहे.

कायदेशीर आहे, पण हितकारक आहे का?

येथपर्यंत कायद्याचे झाले. परंतु दोन बाटल्या अगदी नियमात आणल्या, पावती खिशात आहे, तर विचार संपला का? ख्रिस्ती माणसाचा विचार येथे खरा सुरू होतो.

करिंथच्या ख्रिस्ती लोकांत मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही असा वाद होता. संत पौलाचे उत्तर फार सुंदर आहे. मांस खाण्यात मुळात दोष नाही, हे त्याने मान्य केले. पण माझ्या खाण्याने माझा दुबळा भाऊ पडणार असेल तर मी खाणार नाही, असे तो म्हणाला. सगळ्याच गोष्टींना मोकळीक असली तरी सगळ्याच गोष्टी हिताच्या नसतात. रोमकरांना लिहिताना तर त्याने मांसासोबत द्राक्षारसाचेही नाव घेतले. संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच तत्त्व मांडले. द्राक्षारस पिणे स्वतःत निषिद्ध नाही. परंतु ज्याला तो सहज बाधतो, ज्याने न पिण्याचा नवस केला आहे, जो प्रमाण सोडतो, किंवा ज्याच्या पिण्याने दुसरा अडखळतो, त्याच्यासाठी ते चुकीचे ठरू शकते.

म्हणजे प्रश्न बाटली कशी आणली एवढाच नाही. ती कुणाच्या घरी जाणार आहे, हाही आहे. परदेशातून आलेला भाऊ प्रेमाने दादासाठी बाटली आणतो. दादाने सहा महिन्यांपूर्वी पिणे सोडलेले असते. वहिनीने नोव्हेना केल्या, मुलांनी प्रार्थना केली, दादा बैठकांना जाऊ लागला. आणि सर्वांसमोर त्याच्या हातात बाटली दिली जाते! नको म्हटले तर भावाचे मन मोडते, घेतली तर घर मोडते. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण देण्यापूर्वी एक फोन वहिनीला केला असता तर?

ज्याला व्यसन लागले आहे त्याच्यासाठी पहिला पेला हाच धोक्याचा, हे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची मंडळी १९३५ पासून सांगत आली आहेत. दारूड्याला सगळ्यांत जास्त आग्रह करणारे लोक शत्रू नसतात, नातेवाईक असतात. “आजच्या दिवस घे, लग्न आहे” हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, म्हणूनच ते टाळणे कठीण असते.

तरुणांचेही तेच. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारखी दारू घेण्याचे कायदेशीर वय २५ वर्षे आहे. तरीही काका परदेशातून आले की बारावी-पंधरावीच्या पुतण्याचा पहिला पेला ‘फॉरेनची’ म्हणून घरातच भरला जातो. भारी लेबल असले म्हणून आतला पदार्थ बदलत नाही. मद्य कर्करोगाला कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले होते. महाग मद्यासाठी त्यात सूट नव्हती.

काना येथील भेट

कुणी म्हणेल, “प्रभूनेही काना येथे लग्नात द्राक्षारस दिला.” खरे आहे, आणि आपण ते लपवण्याचे कारण नाही. सहा दगडी रांजण म्हणजे थोडाथोडका द्राक्षारस नव्हे. प्रभू येशू आनंदाचा शत्रू नव्हता, आणि त्याने मिस्सात आपल्या रक्ताची खूण म्हणून द्राक्षारसच निवडला. म्हणून दारूचा प्रत्येक थेंब पाप, असे आपली ख्रिस्तसभा शिकवत नाही. ती संयम शिकवते.

पण काना येथे काय घडले ते नीट पाहू. तेथे एक घर लाजेच्या काठावर उभे होते. पाहुण्यांसमोर यजमानाची मान खाली जाणार होती. मरियामातेच्या ते लक्षात आले, आणि प्रभूने कुणाला कळू न देता त्या घराची लाज राखली. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्यालाही ठाऊक नव्हते. काना येथील भेटीने घराची अब्रू वाचवली. आपल्या भेटीने काय होते? मांडवात बाटली फिरल्यावर मध्यरात्री कुणाची आई लाजेने खाली मान घालते? कुणाची बायको उलटी पुसते? कोणते मूल बापाला हात धरून घरी नेते? आणि ज्या शेजाऱ्याच्या घरातले कोणी परदेशी नाही, तो कर्ज काढून तशीच बाटली मांडवात ठेवतो, तेव्हा त्याच्यावरचा भार कुणामुळे वाढतो?

कानाची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. जेथे बाटलीमुळे घराची अब्रू जाते, तेथे प्रभूचे नाव पुढे करू नये.

बॅग भरताना

म्हणून परदेशातून येणाऱ्या आणि त्यांची वाट पाहणाऱ्या सर्वांना काही साधे प्रश्न सुचवावेसे वाटतात. मी जे आणत आहे ते विचारले असता न अडखळता सांगू शकेन का? ते माझ्या वाट्याचेच आहे का? ज्याच्यासाठी आणत आहे त्याचे त्यामुळे भले होईल का, आणि त्याच्या घरातल्या बायकामुलांना ते पाहून आनंद होईल का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील तर बाटली निःशंक आणा, प्रमाणात घ्या, देवाचे आभार माना. एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल तर दुकानात दुसरेही पुष्कळ काही मिळते.

वाट पाहणाऱ्यांसाठीही एक विनंती आहे. दोन वर्षे वाळवंटातल्या उन्हात किंवा बोटीच्या इंजिन रूममध्ये घाम गाळून माणूस घरी येतो. त्याला फोनवर बाटलीची यादी सांगू नका. तो रिकाम्या हातांनी आला तरी त्याचे येणे हीच मोठी भेट आहे, हे त्याला कळू द्या. कितीतरी तिसऱ्या बाटल्या लोभाने नव्हे, तर “घरचे काय म्हणतील” या भीतीने आणल्या जातात. ती भीती काढून टाकणे आपल्याच हाती आहे.

घरी सुखरूप येणाऱ्या प्रत्येकाचा प्रवास प्रभू राखो, आणि त्यांच्या येण्याने आपल्या घरांत खरा आनंद नांदो.